जिना झाडायचा कुणी?

जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये भाडेकरूंच्या इमारतीत शिरलं, की एखाद्या दाराच्या मुठीला अडकवलेली छोटी पाटी दिसते. तिच्यावर एकच शब्द असतो: केरवोखे. यातला ‘केर’ म्हणजे झाडणं आणि ‘वोखे’ म्हणजे आठवडा. आपल्या केराशी जुळणारा हा उच्चार निव्वळ योगायोग, पण मराठी माणसाच्या तो चांगलाच लक्षात राहतो. ज्याच्या दाराला पाटी, त्याच्याकडे त्या आठवड्याचा जिना. पायऱ्या झाडायच्या, पुसायच्या, कठड्यावरून ओलं फडकं फिरवायचं आणि आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला लावून मोकळं व्हायचं. या कामाचे दोन प्रकार आहेत. धाकट्या केरवोखेत आपल्या मजल्यावरची मोकळी जागा आणि तिथून खाली उतरणाऱ्या पायऱ्या येतात. ही पाळी त्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांतच फिरते. थोरलीत प्रवेशदार, तळघर, अंगण, घरासमोरचा पदपथ आणि हिवाळ्यात त्यावर साचलेला बर्फसुद्धा येतो. ही पाळी साऱ्या इमारतीत फिरते.

या पाटीमागे पाच शतकांचा इतिहास आहे. १४९२ मध्ये वुर्टेम्बर्गचा काउंट एबरहार्ट याच्या काळातल्या शहर नियमावलीने प्रत्येकाला आपापली घाण दर आठवड्याला बाहेर नेण्याचं बंधन घातलं. १७१४ मध्ये रस्ते आणि गल्ल्या साफ ठेवण्याचा स्वतंत्र हुकूम निघाला. १९८८ मध्ये शहराने पदपथ दर आठवड्याला झाडण्याची सक्ती उठवली, पण इमारतीच्या आतली पाळी भाडेकरारांतून टिकून राहिली. तिथला कायदा याबाबत स्पष्ट आहे. करारात लिहिलं असेल तर जिना भाडेकरूने झाडायचा. लिहिलं नसेल तर ते काम मालकाचं. हेच स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे, आणि मोटार उद्योगामुळे पुण्याहून तिकडे जाणाऱ्या मराठी अभियंत्यांच्या वाट्याला ही पाटी आता नियमाने येते.

पाटी दिसायला क्षुल्लक असली तरी काम कुणाचं, किती, कधीपर्यंत आणि पुढे कुणाकडे, हे चार प्रश्न ती न बोलता सोडवते. एका छपराखाली राहणाऱ्यांची बहुतेक भांडणं याच चार प्रश्नांवरून होतात. आपण मात्र त्यांचा दोष स्वभावावर टाकतो: अमका आळशी, तमकी भांडखोर. चूक तिथेच होते. एकत्र राहणं माणसांच्या चांगुलपणापेक्षा कामाच्या वाटणीवर जास्त अवलंबून असतं. ही वाटणी लहान, सर्वांना दिसणारी आणि फिरती असली, शिवाय ती ज्यांनी पाळायची त्यांनीच ठरवलेली असली, तर साधी माणसंही नीट राहतात. तशी ती नसेल तर भली माणसंही एकमेकांना विटतात. या म्हणण्याचा पडताळा घ्यायला मुंबईच्या चाळीइतकी चांगली जागा नाही.

प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आणि १९२० च्या दशकात बीडीडीने, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, कामगारांसाठी चाळी उभारल्या. खासगी मालकांच्या तर कितीतरी होत्या. बीडीडीच्या २०७ इमारती, त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजले, ८० खोल्या, आणि खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास मजल्यामागे सामायिक. इतक्या दाटीत रोज पहाटे दंगल व्हायला हवी होती, ती झाली नाही याचं श्रेय आपण चाळीच्या जिव्हाळ्याला देतो. पण सार्वजनिक नळासमोरची रांग आठवून पाहावी. पाणी यायच्या कितीतरी आधी तिथे हंडे, कळश्या, बादल्या, तेलाचे रिकामे डबे ओळीने लागलेले असत. माणूस एकही नाही. भांडं म्हणजे माणूस, हा नियम साऱ्यांना मान्य होता. भांडं पुढे सरकवलं तर कडाक्याचं भांडण होई, आणि ते व्हायलाच हवं होतं, कारण त्या भांडणातून नियम रोज नव्याने पक्का होई. कितीतरी चाळींत संडासही ठरावीक बिऱ्हाडांत वाटलेले असत. त्यांना कुलूप आणि किल्ली खिळ्याला. किल्ली कुणाकडे अडकली आहे हे चार घरांना ठाऊक असे, आणि तेवढी देखरेख पुरे होई.

पाळीची ही पद्धत आपल्याकडे चाळीने आणलेली नाही. शेतीतला ‘पाणीपाळी’ हा शब्द तिच्याहून कितीतरी जुना. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांवर फड पद्धत शतकानुशतकं चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागायची, एका फडात एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्याने सोडायचं, त्याचा मोबदला शेतकऱ्यांनी मिळून द्यायचा, आणि पाणी तुटलं तर तूटही सगळ्यांनी वाटून घ्यायची. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या सामायिक पाण्याचा, कुरणांचा आणि मासेमारीचा अभ्यास करून जे मांडलं, ते याच जातीचं आहे. नियम पाळणाऱ्यांचा तो ठरवण्यात वाटा हवा, देखरेख करणारा त्यांनाच उत्तरदायी हवा, पहिल्या चुकीला शिक्षा हलकी हवी आणि तंटा मिटवायची जागा जवळ आणि स्वस्त हवी. चाळीतला ज्येष्ठ भाडेकरू, गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस आणि फळ्यावर लावलेला वर्गणीचा हिशेब हीच कामं करत होते.

पण पाळीचा हात कुठवर पोचतो, हेही चाळीनेच दाखवलं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं. त्यामुळे लाखो कुटुंबं रस्त्यावर येण्यापासून वाचली. मालकाने मात्र हिशेब केला की या भाड्यात डागडुजी परवडत नाही, आणि भाडेकरूने म्हटलं की इमारत माझी नाही. कायद्याने दुरुस्ती मालकाच्या माथी होती, १९९९ च्या नव्या कायद्यातही ती त्याच्याकडेच आहे. प्रत्यक्षात गच्चीतून गळणारं पाणी कुणाच्याच पाळीत बसत नव्हतं. शेवटी सरकारला १९६९ मध्ये कायदा करून उपकर लावावा लागला आणि दुरुस्तीसाठी मंडळ नेमावं लागलं. अशा उपकरप्राप्त इमारती मुळात एकोणीस हजारांवर होत्या. नळ वाटता येतो, तुळई वाटता येत नाही. जे काम आठवड्याच्या तुकड्यांत मावत नाही, त्याला पैसा आणि अधिकार दोन्ही एका हाती लागतात. ते वेगवेगळ्या हातांत गेले, की ओल भिंतीत मुरत राहते.

दुसरी उणीव जास्त बोचरी आहे. जुन्या मुंबईतल्या अनेक इमारतींच्या पाठीमागे एक गोल लोखंडी जिना दिसतो, थेट संडासांपाशी जाणारा. तो रहिवाशांसाठी नव्हता. संडास साफ करायला येणाऱ्या कामगाराने पुढच्या जिन्याने येऊ नये, म्हणून तो बांधलेला. पाणी, किल्ली, गॅलरी, गणपती हे सगळं चाळीने वाटून घेतलं; घाण मात्र जातीच्या उतरंडीत ज्यांना सर्वांत खाली ढकललं होतं त्यांच्याकडे ठेवली. आणि जे काम आतच उरलं, म्हणजे पहाटे नळावर उभं राहणं, गॅलरी धुणं, जिन्यावरचा केर काढणं, ते घराघरांतल्या बायकांनी केलं. पाळी बिऱ्हाडांत फिरली, बिऱ्हाडाच्या आत फिरली नाही. चाळीचं कौतुक करताना हा हिशेब वगळला तर ते कौतुक अर्धवट ठरतं. सामायिक जबाबदारी म्हणजे सोयी वाटणं एवढंच नव्हे. कुणालाच नको असलेलं काम कुणाच्या वाट्याला येतं, त्यावर तिची परीक्षा होते.

आज चाळीची जागा निराळ्या घरांनी घेतली आहे. पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली ‘कॉट बेसिस’वर राहतात. भाडं खोलीचं नसतं, कॉटचं असतं. एका खोलीत तीन-चार कॉट, एक कपाट, एक बाथरूम आणि जेवण मेसमध्ये. भिंतीवर मालकांचे नियम: दहाला दार बंद, पाहुणे नकोत, गिझर सकाळीच. यांतला एकही नियम कॉटवर झोपणाऱ्यांनी केलेला नसतो, आणि बाथरूम कुणी घासायचं हा खरा प्रश्न त्यांत नसतोच. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये मिळून राहणाऱ्या नोकरदारांची गतही वेगळी नाही. भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेता येतं, पण त्या भाडेकरूला सोसायटीच्या सभेत मत नसतं. खर्च वाटण्याची ॲप्स दुधाच्या पिशवीपर्यंत हिशेब ठेवतात. सिलिंडर संपल्याचं कुणाच्या लक्षात आलं, जाळीत अडकलेले केस कुणी काढले, याची नोंद त्यांत नसते. पैशाचा हिशेब चोख आणि श्रमाचा अजिबात नाही, अशा घरात ज्याला घाण आधी दिसते तोच कायमचा सफाईवाला होतो आणि मनात खदखदत राहतो.

यावर पहिला आक्षेप असा, की चाळीत माणसं पिढ्यानपिढ्या राहिली, इथे अकरा महिन्यांत बिऱ्हाड हलतं. नियम रुजणार कसे? याला उत्तर धोबी तलावच्या परिसरातल्या गोवेकरांच्या कुडांनी कधीच दिलं आहे. कूड म्हणजे खोली. गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली ही वसतिस्थानं. राहणारे बरेचसे बोटीवरचे खलाशी: आज आले, जहाज मिळताच गेले. तरी प्रत्येकाची पेटी, तिची ठरलेली जागा, महिन्याची वर्गणी आणि संध्याकाळची वेदीसमोरची प्रार्थना यांची शिस्त टिकली. माणसं बदलत, घराची रीत बदलत नसे, कारण ती कुणा एकाच्या आठवणीत नव्हती; खोलीच्या मांडणीत आणि दिवसाच्या वेळापत्रकात होती. शिवाय वागणुकीची बातमी गावात पोचे. स्टुटगार्टची पाटीही तशीच: भाडेकरू जातो, ती मागे राहते. जिथे बिऱ्हाडं झपाट्याने बदलतात तिथे लेखी, डोळ्यांसमोर टांगलेला नियम अधिकच हवा.

दुसरा आक्षेप पैशाचा. बाई लावा, प्रश्न मिटला. लावावी, रास्त पगार द्यावा. पण त्याने काम हलकं होतं, जबाबदारी संपत नाही. पगार गोळा कुणी करायचा, बाई आजारी पडली तर काय, प्लंबरला फोन कुणी लावायचा, हेही कामच आहे आणि त्यालाही पाळी लागते. आणि त्या मागच्या जिन्याचा इतिहास सांगतो की काम विकत घेता येतं तेव्हा ते करणाऱ्याला नजरेआड ठेवण्याचा मोह होतो. तिसरा आक्षेप असा, की सगळं नियमांनी बांधलं तर आपुलकी कुठे राहिली? आपुलकीला उसंत लागते. आज भांडी कुणाची, हे ठरलेलं असलं की रात्री चौघांना गप्पा मारता येतात. ठरलेलं नसलं की गप्पांच्या पोटात टोमणा असतो.

चौथा आक्षेप मात्र वजनदार आहे. नियम म्हटला की पाळत आली. जिन्यावरचा डाग शोधणारा शेजारी हा स्टुटगार्टकडच्या विनोदाचा हक्काचा विषय आहे. आपल्याकडे मामला विनोदावर थांबत नाही. एकट्या मुलींना देत नाही, मांसाहारी नकोत, आडनाव काय, असे ‘नियम’ भाड्याच्या घरांवर सर्रास लादले जातात. म्हणूनच एक कसोटी हवी: नियम सामायिक जागेचा आहे की माणसाचा? आणि तो करणाऱ्यालाही लागू होतो का? जिन्याची पाटी एक दिवस प्रत्येकाच्या दारी येते. आडनावाचा नियम तो करणाऱ्याच्या दारी कधीच येत नाही. जो नियम फिरत नाही, त्याला जबाबदारी म्हणू नये. ती निव्वळ हुकमत असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या उत्तुंग इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० च्या जागी ५०० चौरस फूट, स्वतःचा नळ, स्वतःचा संडास. तीन पिढ्यांच्या रांगा संपल्या, हे निर्विवाद चांगलं झालं. पण सामायिक जागा संपली नाही, फक्त उंच झाली: लिफ्ट, पंप, पाण्याच्या टाक्या, आग विझवण्याची यंत्रणा, मजल्यामजल्यावरचा लांब बोळ. भांड्यांची रांग दिसत होती, पंपाची देखभाल दिसत नाही. न दिसणारं काम वाटून घेणं अधिक कठीण. आणि शहरातल्या बऱ्याच उंच इमारतींत आता लिफ्टही दोन प्रकारच्या असतात. एकीशेजारी पाटी असते की घरकामगारांनी आणि सफाई कर्मचाऱ्यांनी दुसरी वापरावी. लोखंडी गोल जिन्याच्या जागी आलेली ती दुसरी लिफ्ट पाहिली की कळतं, पाट्या लावायला आपण शिकलो आहोत. त्या फिरवायला अजून शिकायचं आहे.