बसून राहिलेलं इंजिन

मंडळी, वसईची हवा खाडीची, दमट. त्यात चार महिने पाऊस. अंगणात झाकून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी सात-आठ वर्षांनी चालू करू म्हटलं, तर इंजिन जाम!

असं का होतं? इंजिन थांबतं तेव्हा एखाद-दुसरा व्हॉल्व्ह उघडा राहतो. तिथून दमट हवा सिलिंडरमध्ये शिरते, बिडाला गंज चढतो आणि पिस्टनच्या रिंगा धरून बसतात.

आपण चुकतो ते इथे. घाईनं स्टार्टर मारतो, गाडी ढकलतो. रिंग तुटते, सिलिंडरला चरे पडतात. कुर्ल्याचा कारखाना कधीच बंद झालाय. सुटे भाग शोधत फिरावं लागतं.

म्हणून आम्ही सांगतो, आधी बॅटरी सोडवा. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं गंज सोडवणारं तेल ओता आणि आठवडाभर थांबा. मग गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावा. पुढे-मागे, हलक्या हातानं. केसभर हललं तरी अर्धं काम झालं.

पूर्ण फेरा झाला की जुनं ऑइल आणि पेट्रोल बदला. प्लग लावण्याआधी इंजिन फिरवून सिलिंडरमधलं तेल बाहेर काढा. तेल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. पुराचं पाणी शिरलेल्या गाडीलाही हाच नियम.

नाहीच हललं, तर जोर नको. हेड उघडायचं.