नावेतील जागा कोणाची? : रॉबर्ट कोलस्कॉट यांची उपरोधिक चित्रकला

एखाद्या सर्वमान्य चित्राची रचना जशीच्या तशी ठेवून त्यातील माणसे तेवढी बदलली, तर त्या मूळ चित्राने कोणाला इतिहासाचा नायक मानले होते आणि कोणाला चौकटीबाहेर ठेवले होते, हे पाहणाऱ्याच्या एका क्षणात ध्यानात येते. आकृतिप्रधान चित्रकलेतील, म्हणजे माणसे आणि वस्तू ओळखू येतील अशा रीतीने रंगवणाऱ्या चित्रकलेतील, या उपरोधाचा सर्वांत धाडसी उपयोग अमेरिकेचे कृष्णवर्णीय चित्रकार रॉबर्ट कोलस्कॉट (१९२५–२००९) यांनी केला. आणि त्यांच्या टीकेचा रोख वंशभेदावर जितका होता, तितकाच संग्रहालये, कलेतिहास आणि ‘महान कलाकृती’ ठरवणारी अभिरुची यांवरही होता.

त्यांचे सर्वांत गाजलेले चित्र १९७५ मधील असून ‘जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर डेलावेअर ओलांडताना : अमेरिकी इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील एक पान’ असे त्याचे शीर्षक आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७६ च्या नाताळच्या रात्री सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांनी बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडली, तो प्रसंग एमानुएल लॉयट्झ या जर्मन-अमेरिकी चित्रकाराने १८५१ मध्ये एका अतिभव्य चित्रात साकारला. ते चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, आणि त्याच्या असंख्य प्रतिकृतींमधून ते अमेरिकी मनावर ठसलेले आहे. कोलस्कॉट यांनी तीच नाव, तोच झेंडा आणि तीच रचना कायम ठेवली, परंतु वॉशिंग्टन यांच्या जागी त्यांच्याच नावाचा वारसा सांगणारे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना उभे केले. गुलामीत जन्मलेले, टस्कीगी येथील संस्थेत भुईमूग, रताळी आणि जमिनीचा कस यांवर आयुष्यभर संशोधन करणारे हे कार्व्हर वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या चरित्रामुळे मराठी वाचकांना घरच्यासारखे परिचित आहेत, आणि म्हणूनच या चित्रातील बोच मराठी वाचकाला विशेष जाणवावी.

कारण कार्व्हर यांच्याभोवती नावेत जी माणसे आहेत, ती खरी माणसे नसून गोऱ्या समाजाने कृष्णवर्णीयांविषयी घडवलेल्या साचेबंद प्रतिमा आहेत : बँजो वाजवणारा, दारूचे भांडे तोंडाला लावणारा, मासे धरणारा, हसतमुख आचारी, आणि पॅनकेकच्या पिठाच्या जाहिरातीतून घरोघरी पोहोचलेली ‘आंट जेमायमा’ ही स्थूल, आज्ञाधारक स्वयंपाकीण. एकोणिसाव्या शतकात गोरे नट चेहऱ्याला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करणारे ‘मिन्स्ट्रेल’ नावाचे खेळ करीत असत. मोठे ओठ, बटबटीत डोळे आणि कायमचे हसू ही चेहरेपट्टी त्याच खेळांनी रूढ केली. पाठ्यपुस्तकाने कृष्णवर्णीयांपैकी मोजक्याच सत्पुरुषांना प्रवेश दिला आणि उरलेल्या सर्वांना या विडंबनचित्रांच्या स्वाधीन केले, असा आरोप ‘पाठ्यपुस्तकातील एक पान’ या शब्दांतून हे चित्र करते. अमेरिका १९७६ मधील स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीची तयारी करीत असताना हा आरोप मांडला गेला, यात त्याचे औचित्य आहे.

कलाजगतही या झडतीतून सुटले नाही. व्हॅन गॉग यांच्या १८८५ मधील ‘बटाटे खाणारे’ या चित्रात डच शेतकऱ्यांच्या दारिद्र्याला गांभीर्य लाभले आहे. कोलस्कॉट यांनी त्याच मेजाभोवती दात काढून हसणारे कृष्णवर्णीय कुटुंब बसवले, आणि गोऱ्या गरिबाला प्रतिष्ठा देणारी कला काळ्या गरिबाला मात्र ‘गरीब पण आनंदी’ का समजते, असा प्रश्न उभा केला. पिकासो यांनी १९०७ च्या ‘आव्हीन्योंच्या तरुणी’ या चित्रात आफ्रिकी मुखवट्यांच्या घडणीचा आधार घेतला आणि त्या चित्राला आधुनिक कलेच्या आरंभाचा मान मिळाला, परंतु ते मुखवटे घडवणारे कारागीर अनामच राहिले. १९८५ मध्ये कोलस्कॉट यांनी त्या तरुणींना अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात आणले, आणि हा वारसा त्याच्या खऱ्या हक्कदारांच्या वतीने परत मागितला.

या शैलीपर्यंत ते सहज पोहोचले नव्हते. बर्कली येथील शिक्षणानंतर १९४९ मध्ये ते पॅरिसला चित्रकार फेर्नां लेजे यांच्याकडे शिकण्यास गेले, आणि अमूर्त चित्रे सामान्य माणसाशी बोलत नाहीत, असे मानणाऱ्या या गुरूमुळे ते मानवाकृतीकडे वळले. पुढे १९६० च्या दशकात कैरोत राहून अध्यापन करताना त्यांना हजारो वर्षांची अशी कथनपर कला भेटली, जिच्या केंद्रस्थानी युरोप नव्हता. साचेबंद प्रतिमा मोडायच्या तर त्या ओळखू येतील अशाच रंगवाव्या लागतात, आणि अमूर्त चित्राला ते साधणार नाही, हे त्यांच्या निवडीमागील सबळ कारण होते.

तरीही अपमानकारक प्रतिमा पुन्हा रंगवल्याने त्या नष्ट होतात की बळकट होतात, हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. कलावती बेटी सार यांनी १९७२ मध्ये आंट जेमायमाच्या हाती बंदूक देऊन तिला बंडखोर केले, आणि त्याच सार यांनी १९९७ मध्ये कारा वॉकर या तरुण कलावतीच्या छायाकृतींतील प्रतिमांना जाहीर विरोध केला. कोलस्कॉट यांच्या चित्रांवरही असा रोष ओढवला. परंतु त्यांच्या चित्रांत ही विद्रूप माणसे दुबळी किंवा केविलवाणी नाहीत. त्यांनी राष्ट्राची नाव ताब्यात घेतली आहे, आणि त्यांना पाहून ज्याला हसू फुटते, त्याला ते हसू कोठून शिकलो याचा हिशेब स्वतःकडेच मागावा लागतो.

१९९७ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात एकट्याने अमेरिकेचे प्रतिनिधित्व करणारे कोलस्कॉट हे पहिले कृष्णवर्णीय चित्रकार ठरले, आणि २०२१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर बारा वर्षांनी, कार्व्हर यांचे चित्र लिलावात सुमारे १ कोटी ५३ लाख डॉलरना विकले जाऊन लॉस एंजेलिसच्या लुकास संग्रहालयाकडे गेले. या किमतीने चित्राचा प्रश्न मात्र निकाली निघत नाही. ज्या समाजाचा इतिहास आणि ज्याची संग्रहालये मोजक्यांचेच चेहरे आदराने जपतात, त्या प्रत्येक समाजाला हे चित्र लागू पडते, आणि एका नायकाच्या जागी दुसरा नायक उभा केल्याने न्याय होत नाही, तर नावेतील प्रत्येकाला माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी कमवावी लागते, हे त्याचे सांगणे आजही तितकेच निकडीचे आहे.