नऊ तारखेचा काटा

महिन्याची ९ तारीख, सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीचा दिवस. सिल्वासाच्या विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलात गरोदर बायांची रांग वजनकाट्यापाशी तुंबली आहे. मराठी, गुजराती, हिंदी, वारली, सगळंच एकदम कानावर येतंय.

खानवेलकडची एक वारली पोर चपला काढून काट्यावर चढते. तिसरा महिना. उंची १५० सेंटिमीटर, वजन ३८ किलो.

"दिवस राहण्याआधी किती होतं?" सिस्टर विचारतात. ती नुसती हसते. सिस्टर आजचाच आकडा कार्डावर लिहितात.

"मावशी, पोटभर जेवते का ही?"

सासू मान हलवते. "पोर मोठं झालं तर बाळंतपणात अडंल ना!"

"आई अशी रोड राहिली तर बाळ अडीच किलोंच्या आत जन्मतं, कधी दिवस भरायच्या आधीच. हिचं वजन साडेबारा किलो तरी वाढू दे."

मागे उभी आहे ती कंपनीच्या कॉलनीतली, मूळची जळगावची. उंची हिच्याएवढीच, वजन ७२. "मग मीही दोन जिवांचं खाऊ ना?"

"नाही ताई. तुम्हाला पाच ते नऊ किलो बस्स. उपाशी राहू नका, पण गोड-तळलेलं कमी करा." बीपी वाढणं, साखर वाढणं, सिझर लागणं, हे सगळे धोके सिस्टर बोटांवर मोजतात आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी तिच्या हाती देतात. दोन तासांनी रक्त घ्यायचं. साखर १४० किंवा वर गेली तर गर्भारपणातला मधुमेह.

ही दोन टोकं एकमेकांपासून फार लांब नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आसपासच्या खेड्यांत पाहिलं, की तिथली बाळं वजनाला हलकी, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त. अशांनाच पुढे मधुमेहाचा धोका अधिक.

सासूसोबत धाकटी सूनही आली आहे, लग्न यंदाचंच. सिस्टर तिलाही काट्यावर बोलावतात.

"हिला अजून काय नाय," सासू घाईघाईने सांगते.

"म्हणूनच चढ म्हणते." काटा ३९ दाखवतो. हिचं कार्ड नाही, म्हणून सिस्टर चिठ्ठीवर आकडा आणि तारीख लिहून सासूच्या हाती देतात. "नागलीची भाकर, डाळ, अंडं हिच्याही ताटात आजपासून. दिवस जायची वाट बघू नका."