मुलांना उड्या मारू द्या!

आम्हा मराठीच्या मास्तरांचा हाडांशी संबंध वाक्प्रचारांपुरता. 'हाडाचा शिक्षक', 'हाडीमाशी खिळणे' असे प्रयोग शिकविताना वाटते, हाड म्हणजे एकदा घडले की कायमचे, असाच आपल्या भाषेचा समज असावा.

शरीरशास्त्र निराळेच सांगते. हाड जिवंत असते. जुने पोखरून काढणाऱ्या आणि नवे बांधणाऱ्या पेशींचा कारखाना तेथे अखंड चालू असतो. भार पडेल तशी हाडाची घडण बदलते, हे जर्मन शल्यवैद्य युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्यापेक्षा दणकट भरते. उलट, वजनच नाहीसे झालेल्या अंतराळवीराचे कमरेचे हाड पुरेशा व्यायामावाचून महिन्याला एक ते दीड टक्का झिजते!

आता आपल्या घरचे पाहू. मुलाला दूध दिले, म्हणजे विटा आल्या. त्या रक्तात पोचवायला ड जीवनसत्त्व लागते. ते उन्हात कातडीत तयार होते आणि शरीरात त्याचे संप्रेरक बनते. पीयूष ग्रंथीचे वाढीचे संप्रेरक गाढ झोपेत अधिक पाझरते, म्हणजे गवंडीही आले. पण भिंत कोठे भक्कम करायची, हे सांगणार कोण? ते सांगते उडी! जमिनीवर आपटणाऱ्या पायाचा दणका हाडातील पेशींना कळतो, आणि तेथे बांधकाम सुरू होते. लंगडी, ठिकरी, दोरीउड्या, झिम्मा हे असे बिनपैशाचे टॉनिक आहे.

जागतिक आरोग्य संघटना १ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ३ तास हालचाल सांगते. ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर व्यायाम, आणि आठवड्यातून निदान ३ दिवस हाडे बळकट करणारा.

हाडांची ही पुंजी तिशीपर्यंत साठते. पुढे फक्त खर्च. स्त्रियांत तर पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि तो खर्च झपाट्याने वाढतो. म्हणून "मुलीच्या जातीला उड्या कशाला?" म्हणणाऱ्या आजीबाईंनी आपल्याच गुडघ्या-कमरेला विचारावे!

खालच्या बिऱ्हाडाची झोपमोड नको, हे खरे. मग अंगण आहे, गच्ची आहे. आणि दिवाळीचा किल्ला आहेच! मुलांना माती वाहू द्या, दगड उचलू द्या. किल्ला चार दिवसांत मोडेल. आत बांधलेला बुरूज मात्र म्हातारपणी कामाला येईल.