शिवपुरीची एक दिवसाची सहल : आखणी कशी करावी?



दिवाळी आटोपली की आपल्या मंडळाच्या बैठकीत "यंदा सहल कुठे?" हा विषय निघतोच. आम्हा ग्वाल्हेरकरांचे उत्तर बहुधा ठरलेले असते, शिवपुरी. अंतर सुमारे 115 किलोमीटर, गाव छोटे, आणि शिंदे सरकारांची ही उन्हाळ्याची राजधानी असल्यामुळे बागा, तलाव, छत्र्या यांची रेलचेल. सकाळी निघून रात्री घरी परतता येते. तरीही या सहलीचा बेत हमखास बिघडतो. मी स्वतः एकदा तो चांगलाच बिघडवला होता. त्यापासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी सहलीची जबाबदारी माझ्याकडे होती. बँकेतली सवय, म्हणून मी मिनिटामिनिटाचा तक्ता केला. एका दिवसात सहा ठिकाणे! पैसे वसूल झाले पाहिजेत, हा माझा हिशेब. बरोबर एक काकू होत्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांचे बालपण शिवपुरीत गेलेले. नातीला आपले जुने गाव दाखवायचे म्हणून त्या हौसेने आल्या होत्या. प्रत्यक्षात त्या दिवसभर बसमध्येच बसून राहिल्या. स्वच्छतागृह कुठे मिळेल याचा भरवसा नसल्यामुळे त्यांनी सकाळपासून पाणीच प्यायले नव्हते. दोन ठिकाणी पायऱ्या होत्या, तिसऱ्या ठिकाणी बसायला जागा नव्हती. आम्ही उतरायचो, फोटो काढायचो आणि पळत परत यायचो. संध्याकाळी त्यांचे डोके इतके दुखू लागले की नातीशी धड बोलताही येईना. पुढच्या वर्षी त्यांनी नाव दिले नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "तुम्हाला माझ्यामुळे खोळंबा होतो रे."

खोळंबा त्यांच्यामुळे झाला नव्हता, माझ्या तक्त्यामुळे झाला होता. म्हणून आता माझा पहिला नियम असा की सहलीचे वेळापत्रक सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत लहान माणसावरून ठरवायचे. मधल्या वयाचे लोक कसेही जमवून घेतात.

तारीख

आपल्याकडे डिसेंबरच्या अखेरीस आणि जानेवारीत धुके असते. पहाटे हायवेवर बस काढणे धोक्याचे. एप्रिल-मे तर सोडूनच द्या. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी सर्वांत उत्तम. भदैया कुंडाचा धबधबा पाहायचा असेल तर पावसाळ्यात जावे लागते, पण तेव्हा दगड निसरडे असतात. ती सहल तरुण मंडळींनी वेगळी काढावी. लग्नाच्या मुहूर्तांचे रविवार टाळा, कारण त्या दिवशी बसचे भाडे वाढते आणि निम्मी मंडळी ऐन वेळी गळतात.

ठिकाणे दोनच, फार तर तीन

पहिले ठिकाण, छत्री बाग. माधवराव शिंदे (ज्यांचे 1925 साली पॅरिस येथे निधन झाले) आणि त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांच्या छत्र्या येथे समोरासमोर आहेत. माधवरावांच्या छत्रीच्या पांढऱ्या संगमरवरातले रंगीत दगडांचे जडावकाम जवळ जाऊन पाहण्यासारखे आहे. भोवती बाग आहे, त्यामुळे ज्यांना फार चालवत नाही त्यांनाही सावलीत बसता येते. ही समाधिस्थाने आहेत. चपला बाहेर काढायच्या आणि डबे तेथे उघडायचे नाहीत, हे मुलांना बसमध्येच सांगून ठेवावे. येथे घाई न करता दीड तास द्या.

दुसरे ठिकाण, तात्या टोपे यांचे स्मारक. येवल्यात जन्मलेल्या या सेनानीला 18 एप्रिल 1859 रोजी शिवपुरीत फाशी देण्यात आले. गावाचे नाव तेव्हा सिप्री होते. आपली मुले शाळेत हा इतिहास हिंदीतून शिकतात. रामचंद्र पांडुरंग टोपे हा आपल्यासारख्याच मराठी घरातला माणूस होता आणि त्याची अखेर आपल्या घरापासून तीन तासांच्या वाटेवर झाली, हे त्यांना तिथे उभे राहून मराठीत सांगा. पंधरा मिनिटे पुरतात. कोणी बोलायचे ते मात्र आधी ठरवा, नाहीतर सगळे एकमेकांकडे पाहत राहतात.

तिसरे ठिकाण ऐच्छिक ठेवावे, सख्यासागर तलाव आणि माधव राष्ट्रीय उद्यान. हा तलाव 2022 पासून रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत आहे आणि मार्च 2025 मध्ये उद्यानाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तलावावर बाहेरचे पक्षी येतात. पण लक्षात ठेवा, या तलावात मगरी आहेत. पाण्यात पाय सोडून बसणे, काठावर भांडी विसळणे, मुलांना चेंडू घेऊन काठाशी सोडणे, यातले काहीही करायचे नाही. प्रवेशाच्या वेळा, सुट्टीचा दिवस आणि वाहनांचे नियम आठवडाभर आधी विचारून घ्यावेत. ज्यांना जायचे नाही त्यांनी तोवर आराम करावा.

आधी पाहणी

बँकेत कर्ज मंजूर करण्यापूर्वी आम्ही जागा पाहायला जायचो. कागदावर सगळेच ठीक दिसते. सहलीचेही तसेच आहे. पंधरा दिवस आधी दोघांनी जाऊन यावे, त्यात एक महिला असावी. त्यांनी या गोष्टी वहीत लिहून आणाव्यात :

- बस कुठे थांबते आणि तेथून किती चालावे लागते?
- पायऱ्या किती? आधाराला कठडा आहे का?
- स्वच्छतागृह कुठे आहे, उघडे असते का, कमोडची सोय आहे का?
- पिण्याचे पाणी मिळते की बरोबर न्यायचे?
- दुपारी बारा वाजता सावली कुठे असते?
- माकडांचा त्रास आहे का?
- जवळचा दवाखाना आणि रविवारी उघडे असणारे औषधांचे दुकान कोणते?

जेवणासाठी बागेपेक्षा एखादी धर्मशाळा किंवा मॅरेज गार्डनमधली एक-दोन खोल्यांची जागा दुपारपुरती घ्यावी. लग्न नसेल त्या दिवशी ती माफक भाड्यात मिळते. ज्येष्ठांना पाठ टेकता येते, बायकांना निवांतपणा मिळतो, लहान मुले झोपतात. या एका खर्चाने अर्धी सहल सुधारते.

वर्गणीचा हिशेब

खर्च दोन प्रकारचे असतात. बस आणि जागेचे भाडे ठरलेले असते, मग पन्नास माणसे येवोत की चाळीस. नाश्ता, जेवण, प्रवेश तिकीट हे माणशी वाढते. घोळ होतो तो पहिल्या प्रकारात.

उदाहरण म्हणून बस आणि जागा मिळून 18,000 रुपये धरू. पन्नास जणांत वाटले तर माणशी 360 येतात. पण चाळीसच जण आले तर जमतात 14,400, म्हणजे 3,600 रुपयांची तूट. ती शेवटी खजिनदाराच्या खिशातून जाते आणि पुढच्या वर्षी खजिनदार मिळत नाही! म्हणून भाडे नेहमी चाळीस जणांवर वाटावे, माणशी 450. त्यात जेवणखाण मिळवून वर्गणी ठरवावी. जास्त लोक आले तर उरलेले पैसे परत करावेत. आठवड्याभरात हिशेब मंडळाच्या फलकावर लावावा.

आणखी एक गोष्ट. काही घरांना पूर्ण वर्गणी जड जाते, पण ते तसे बोलून दाखवत नाहीत, नुसते "जमणार नाही" म्हणतात. त्यांच्यासाठी दोन-तीन जागांची सवलत ठेवावी आणि ती कोणाला दिली हे फक्त सचिवांना ठाऊक असावे.

खाणे

सकाळी सातला निघायचे. मोहन्याला चहासाठी थांबायचे. नाश्त्याला बेडई-कचोरीचा मोह होतो, पण बसमध्ये बसणाऱ्या पोटाला पोहे किंवा गूळ घातलेल्या दशम्या बऱ्या. दशमी दुधात भिजवलेली असल्याने मऊ राहते, म्हाताऱ्यांनाही चावता येते. जेवण तिथल्याच आचाऱ्याकडून करून घ्यावे, मात्र तिखट बेताचे ठेवायला सांगावे. घरून लोणचे, मेतकूट, दाण्याची चटणी आणि दहीभातासाठी विरजण न्यावे. सगळा स्वयंपाक आपल्याच बायकांवर टाकला तर त्यांची सहल स्वयंपाकघरातच होते. स्टीलची ताटे-पेले घरून आणावेत, म्हणजे बागेत कचरा राहत नाही. मधुमेही मंडळींना साडेबाराला जेवण मिळालेच पाहिजे, बाकीच्यांची वाट पाहायची नाही.

जेवणानंतरचा एक तास

हा तास तक्त्यात मोकळा ठेवा. पूर्वी ग्वाल्हेरहून शिवपुरीला छोट्या रुळांची गाडी जायची. ती आठवणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांना खुर्चीवर बसवा, मुलांना समोर सतरंजीवर बसवा आणि विचारा, "गाडीला किती वेळ लागायचा? सुट्टीत शिवपुरीला काय करायचात?" मुले हिंदीत प्रश्न विचारतील, विचारू द्या. उत्तर मराठीत येईल आणि ती ऐकतील. त्यानंतर गाण्यांच्या भेंड्या आहेतच.

साडेचारच्या आत परत निघावे, म्हणजे रात्री आठपर्यंत सगळे घरी पोहोचतात.

मागच्या महिन्यात त्या काकूंकडे गेलो होतो. आता त्यांना काठी लागते. यंदा दोनच ठिकाणे आहेत, दुपारी आडवे व्हायला खोली आहे, असे सांगितले. त्यांनी आधी विचारले, "आणि स्वच्छतागृह?" मी म्हटले, पाहणी करून सांगतो. तेव्हा पाहणीसाठी माझ्याबरोबर कोण येणार, ते येत्या बैठकीत ठरवू या.