छातीचा भाता मोडतो तेव्हा

नाशिक रोडला बिटको चौकात पाच मिनिटे उभे राहा. पुण्याच्या रस्त्यावरची वाहतूक थांबत नाही. समजा, त्या रस्त्यावर एक मोटार आदळली आणि चालकाची छाती स्टिअरिंगवर आपटली. वरून रक्त नाही, पण बरगड्या मोडल्या. त्याला श्वसनयंत्र लागेल का? लागल्यास दोन दिवस की तीन आठवडे?

आधी एक प्रयोग करा. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापा. तोंडातून आत फुगा सोडून त्याची कड तोंडावर बसवा आणि तळाला रबर ताणून बांधा. रबर खाली ओढले की बाटलीतला दाब घटतो व बाहेरची हवा फुग्यात शिरते. आपला श्वास असाच चालतो. आता बाटलीच्या बाजूला दोन बोटे रुंद खिडकी कापून तिच्यावर सैल रबर हवाबंद चिकटवा. तळ ओढताच खिडकी आत खेचली जाते आणि फुगा पूर्वीइतका फुगत नाही. लागोपाठच्या तीन बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या की छातीचा तेवढा तुकडा असाच उलटा हलतो.

श्वसनयंत्र हवा आत ढकलते, त्यामुळे तो तुकडाही उरलेल्या छातीबरोबर बाहेर येतो. अमेरिकेत अ‍ॅव्हरी व सहकाऱ्यांनी १९५६ साली हा उपाय मांडला आणि पुढे असे रोगी सरसकट यंत्रावर ठेवले जाऊ लागले. १९७५ साली ट्रिंकल व सहकाऱ्यांनी दाखवले, की यंत्राशिवायही पुष्कळजण सुधारतात. खरा घात बरगड्यांखाली ठेचलेल्या फुप्फुसाचा असतो. वायुकोशांत रक्त व पाणी झिरपते आणि प्राणवायूची वाट अडते. क्ष-किरण चित्रात हाड ठळक दिसते, म्हणून दोष त्याच्या माथी!

ही अडचण मोजता येते. धमनीतील रक्तातल्या प्राणवायूच्या दाबाला श्वासातल्या हवेतील प्राणवायूच्या प्रमाणाने भागायचे. निरोगी माणसात ९५ भागिले ०.२१, म्हणजे सुमारे ४५०. रोग्याला ५० टक्के प्राणवायू देऊनही दाब ८० मिलिमीटरच भरला, तर उत्तर १६०. जर्मनीत पापे व सहकाऱ्यांनी २००० साली याच भागाकाराला वय, मोडलेल्या बरगड्या, फुप्फुसाचा ठेचलेला भाग आणि फुप्फुसाभोवती साठलेली हवा वा रक्त यांची जोड देऊन गुणांकन केले. गुण जितके अधिक, तितका फुप्फुस बिघडण्याचा धोका मोठा. अर्थात हे भविष्य नव्हे, शक्यता आहे.

तरी तिचा उपयोग मोठा. घशातली नळी जितके दिवस राहील तितका न्यूमोनियाचा धोका वाढतो, श्वासाचे स्नायूही दुबळे होतात. मुक्काम लांबणार असे दिसले, तर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची का, लहान दवाखान्यातून रोग्याला वेळेवर हलवायचे का, हे ठरवता येते. पण ठेचलेले फुप्फुस पहिले एकदोन दिवस आणखी बिघडत जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त काढतात आणि तोच भागाकार नव्याने करतात.