बडाभाई आणि छोटाभाई

घरदार सोडून परमुलखात धर्मकार्यासाठी गेलेला तरुण दिवसभर करतो तरी काय? आपल्या डोळ्यांसमोर येते ते चौकात उभे राहून प्रवचन देणाऱ्याचे चित्र. पण दिवसाचे तास पुष्कळ असतात आणि प्रवचन फार तर एक तासाचे. उरलेल्या तासांत माणसाची खरी परीक्षा होते.

अमेरिकेतील मॉर्मन पंथात ही चाल आजही चालू आहे. अठरा-एकोणीस वर्षांची मुले दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष, बहुधा स्वतःच्या व घरच्या खर्चाने, पंथ पाठवील त्या देशी जातात. पांढरा सदरा, छातीवर नावाची काळी पट्टी आणि नेमून दिलेला एक जोडीदार. त्याला सोडून एकट्याने कोठे जायचे नाही. आठवड्यातून एक दिवस कपडे धुण्याचा, बाजारहाटाचा आणि घरी पत्र लिहिण्याचा. घरी दूरध्वनी करण्याची मुभा २०१९ पूर्वी वर्षातून सामान्यतः दोनदाच असे. त्या वर्षापासून ती दर आठवड्यास मिळाली. आपल्या आईवर्गाला हा नियम ऐकूनच गहिवर येईल! या पंथाचा ह्यू फिंडले नावाचा प्रचारक १८५२ साली मुंबईस उतरला होता व पुढे पुण्यासही गेला होता; पण त्या काळी त्याच्या पंथाने आपल्याकडे मूळ धरले नाही.

दोघांनी मिळून जायचे, या रीतीवरून आम्हा तिरोडीकरांना मात्र दुसरीच एक जोडी आठवते. तिरोडी हे मँगनीजच्या खाणीचे गाव. तुमसरहून येणारी रेल्वे कित्येक वर्षे येथेच संपत असे. येथून ईशान्येस बालाघाट, बैहर मागे टाकून जात राहिले की मैकल पर्वताच्या रांगा लागतात. त्या रांगांत, अमरकंटकाच्या पश्चिमेस, करंजिया हे गोंडांचे गाव आहे. पूर्वी ते मंडला जिल्ह्यात होते, आता दिंडोरीत आहे. १९३२ च्या जानेवारीअखेर तेथे दोन तरुण येऊन राहिले. एक इंग्रज, व्हेरिअर एल्विन. दुसरा मराठी, शामराव हिवाळे.

एल्विनचा जन्म १९०२ चा. वडील सिएरा लिओनचे बिशप होते. ऑक्सफर्डला उत्तम यश मिळवून तो १९२७ साली ख्रिस्त सेवा संघात दाखल होण्यासाठी हिंदुस्थानात आला. पुण्याचा हा ख्रिस्ती आश्रम जॅक विन्स्लो यांनी स्थापिला होता. तेथे खादी आणि साधे देशी राहणे यांना मान होता. शामरावांशी एल्विनची मैत्री याच संघातली. गांधीजींच्या सहवासाने एल्विनची वृत्ती पालटली आणि जमनालाल बजाज यांच्या सांगण्यावरून त्याचे लक्ष गोंडांकडे वळले.

करंजियाला रेल्वे नव्हती. पेंड्रा रोडचे स्टेशन डोंगरापलीकडे. राहायला मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली झोपडी. दोघांनी दवाखाना काढला, शाळा काढली, पुढे महारोग्यांसाठी आसरा उभारला. वैद्यकीचे रीतसर शिक्षण दोघांपैकी एकाचेही नव्हते. तरी सकाळ उजाडली की ताप, खरूज, चिघळलेल्या जखमा दाराशी हजर! एल्विन स्वतः हिवतापाने वारंवार अंथरूण धरी. मग दवाखाना, कोठीघर आणि आलेगेले यांचा भार शामरावांवर पडे. गावकऱ्यांनी एकाला बडाभाई आणि दुसऱ्याला छोटाभाई म्हणायला सुरुवात केली. नवराबायकोचे भांडण, पळून गेलेली सून, भावकीचा तंटा, हे सारे छोटाभाईपुढे येई आणि तो तासन्‌तास ऐकत बसे. या काळाची एल्विनची रोजनिशी १९३६ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाली. तिच्यात धर्मोपदेश शोधू जाल तर हाती फारसे लागणार नाही. हसू मात्र पानोपानी येते.

आणि नेमके हेच नागपूरच्या बिशपांना खटकले. एल्विनने गोंडांना बाटवायचे नाही असे ठरविले होते. गांधीजींचा पक्ष सोडायलाही तो तयार नव्हता. बिशपांनी त्याला परवाना नाकारला. धर्मनिष्ठ आई इंग्लंडात, बिशप वडिलांचे नाव पाठीशी, आणि अंगावर धर्मगुरूचा झगा: हे सारे असताना १९३५ साली त्याने चर्चचा निरोप घेतला. शिकवायला आलेला माणूस शिकत बसला. १९३९ चा त्याचा बैगांवरील ग्रंथ आमच्या बैहरच्या जंगलातही फिरून सिद्ध झालेला आहे. बेवर, म्हणजे जंगल जाळून करण्याची फिरती शेती, सरकारने बंद केल्याने बैगांचे मन कसे मोडले, ते त्यात वाचावे.

त्याचे सगळेच गोड मानून घ्यावे असे मी म्हणणार नाही. १९४० साली त्याने कोसी या कोवळ्या वयाच्या गोंड मुलीशी लग्न केले आणि १९४९ साली काडीमोड घेतला. नंतर त्याचे नाव जगभर झाले, तिच्या वाट्याला उपेक्षा आली. ज्यांच्या बाजूने आपण आयुष्यभर लिहितो त्यांच्यापैकीच एकीशी असे वागावे, हे मनाला लागते.

शामरावांनी मात्र दिवस मोजले नाहीत. १९४६ साली त्यांची दोन इंग्रजी पुस्तके निघाली. एक मित्राचे चरित्र. दुसरे नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांविषयी. परधान म्हणजे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. बाणा वाजवून ते देवादिकांच्या व राजांच्या कथा गातात. ती माहिती कोण्या ग्रंथालयात बसून मिळालेली नव्हती. रोग्यांना औषध देता देता आणि तंटे ऐकता ऐकता ती गोळा झाली होती.

१९५४ साली एल्विन ईशान्य सीमाप्रदेशाचा आदिवासीविषयक सल्लागार म्हणून शिलाँगला गेला. त्याच वर्षी त्याने हिंदुस्थानचे नागरिकत्व घेतले. १९६४ साली तो वारला. त्याच्या आत्मचरित्रास पुढे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. शामराव मात्र त्याच्याबरोबर न जाता मागे राहिले.

दोघांनी करंजियानंतर पाटणगढ येथे बस्तान हलविले होते. परधानांच्या त्याच पाटणगढात १९६२ च्या सुमारास जनगढसिंह श्याम जन्मला. भिंतीवर चित्रे काढणारा हा मुलगा १९८० नंतर भोपाळच्या भारत भवनात पोहोचला आणि बाण्यावर गाइले जाणारे देव त्याने कागदावर उतरविले.